डिप्लोमा केला की पीआर नक्की?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचतच असतो. पावसाळ्यात आमच्या सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर गेलं, तेवढं लिहून जातो. आज जरा घरचा प्रश्न आहे.

मुलगा २४ वर्षांचा. २०२३ ला मेकॅनिकल झाला, ७.८ पॉइंटर. दोन वर्षं चाकणला सुट्या भागांच्या एका कंपनीत आहे, हातात २१ हजार पडतात, भोसरीत तिघांत एक खोली. वर्गातले चौघे कॅनडाला गेले, तेव्हापासून याचं कशात लक्ष नाही.

गेल्या रविवारी इथल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये एका कन्सल्टन्सीचा सेमिनार होता. चहा, सामोसा आणि पडद्यावर हे एवढं मोठं लाल पान. "दोन वर्षं शिकायचं, तीन वर्षं वर्क परमिट, मग पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना. पाच वर्षांत मुलगा सेटल, सर!" त्यांनी ऑन्टारियोतल्या एका कॉलेजचा ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा डिप्लोमा सुचवलाय. फी वर्षाला १७ हजार डॉलर, शिवाय जीआयसी, म्हणजे तिथल्या जगण्याच्या खर्चाची ठेव म्हणून २२,८९५ डॉलर तिथल्या बँकेत आधीच ठेवायचे. विमान, विमा, गरम कपडे धरून ३७-३८ लाखांवर जातं. बँक घर तारण ठेवून ३० लाख द्यायला तयार आहे, ११ टक्क्यांनी. दहा वर्षं फेडायचं तर हप्ता ४१ हजार. मी शिक्षक, येत्या मे अखेर निवृत्त होतोय.

तर हे 'नक्की' कितपत नक्की आहे? तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगावं. सौ.चा एक वेगळाच प्रश्न आहे, तो नंतर विचारतो.

टिंबटिंब

पीआर इतकी नक्की असती तर तो एजंट सांगलीत सामोसे वाटत बसला असता का? (हलके घ्या.)

रेजायनाताई

सर, मी २०१६ मध्ये याच मार्गाने आले. साताऱ्याची, वडील एसटीत. कॉलेजचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला, मग एका छोट्या ऑफिसात हिशेबाचं काम मिळालं. प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, आली की एक्सप्रेस एन्ट्रीत (गुणांवरून क्रम लावून पीआरसाठी बोलावतात ती पद्धत) ६०० गुण मिळतात, तिथेच काम झालं. २०१९ मध्ये पीआर हातात.

सोपं होतं असं नाही. पहिल्या हिवाळ्यात उणे ३८ होतं. इथे रात्री गाडीला ब्लॉक हीटरची वायर लावून ठेवावी लागते, म्हणजे गाडीचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्ये, आपण मोबाईल लावतो तसा. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळी सहाच्या शिफ्टला गाडी ढिम्म हलेना. शेजारच्या आजोबांनी वायर आणून दिली आणि हसत म्हणाले, वेलकम टु सास्काचेवान.

मेहनत करणाऱ्याला मिळतं. नकारात्मक लोकांचं ऐकू नका.

खडूस_काका

ताईंचं मनापासून अभिनंदन. पण ताई २०१६ च्या भावाने २०२५ चं सोनं घ्यायला सांगताहेत.

मधल्या काळात काय काय झालं ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने स्टडी परमिटवर मर्यादा घातली. भारतातल्या मुलांची फाइल लवकर हलायची ती स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद केली. २०२५ साठी पाच लाख पीआर द्यायचं ठरलं होतं ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं, आणि २०२६ पासून ३ लाख ८० हजार. ज्या प्रांतिक नॉमिनेशनवर ताई पार झाल्या, त्याचा प्रांतांना मिळणारा कोटा २०२५ मध्ये अर्ध्यावर आणला होता. मुलं आहेत तेवढीच आहेत, खुर्च्या उचलून नेल्या.

रेजायनाताई

काका, नियम तेव्हाही बदलायचे. रडत बसण्यापेक्षा प्रयत्न केलेला बरा. मीसुद्धा कर्ज काढूनच आले होते.

टिंबटिंब

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

ब्रॅम्प्टनचं_तळघर

नाव वाचून कळलं असेल. लिहू का नको करत दोन दिवस गेले.

मी ऑगस्ट २०२१ मध्ये कॅनडात आलो, वय २५. नगरचा. दोन वर्षांचा डिप्लोमा, २०२३ ला पूर्ण, तीन वर्षांचं वर्क परमिट. ते पुढच्या ऑक्टोबरात संपतंय. इथपर्यंत एजंटने सांगितलं तसंच झालं, त्याला खोटं म्हणता येणार नाही.

त्याने सांगितलं नव्हतं ते असं. पीआरसाठी कॅनडात किमान एक वर्षाचं काम लागतं, पण ते कुठलंही चालत नाही. इथे प्रत्येक कामाला टीअर नावाची पायरी आहे, शून्य ते पाच. शून्य ते तीन चालतात. मला पहिलं काम मिळालं ते वखारीत, खोकी उचलायचं, टीअर ५. चौदा महिने केलं. पगार मिळाला, पाठ गेली, पीआरच्या हिशेबात शून्य. शिकत असताना केलेलं कामही धरत नाहीत, तेही मला दुसऱ्या वर्षी कळलं. शेवटी तिथेच शिपिंगचा सुपरवायझर झालो तेव्हा घड्याळ सुरू झालं.

एक्सप्रेस एन्ट्रीत माझे गुण झाले ५०८. २०२५ मध्ये ऑक्टोबरपर्यंत कॅनडातल्या अनुभवावर, म्हणजे सीईसीमधून, पीआरची बोलावणी निघाली ती सगळी ५१८ ते ५४७ च्या मध्ये. दर वेळी सकाळी फोन उघडायचा, आकडा बघायचा आणि कामाला निघायचं. गेल्या महिन्यात मला तिसावं पूर्ण झालं. २९ पर्यंत वयाचे ११० गुण, मग दर वर्षाला पाच-सहा कमी. आईने व्हिडिओ कॉलवर ओवाळलं, त्याच दिवशी ५०८ चे ५०३ झाले. तिला काय सांगणार?

घराचं म्हणाल तर पाच जण तळघरात, एक शेगडी, कपडे धुवायला मालकाने रविवार दिलाय. तो म्हातारा चांगला आहे. बर्फ उपसला की भाड्यात वीस डॉलर सोडतो.

खडूस_काका

तळघर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

कोकणकडा

@तळघर, एलएमआयएचं, म्हणजे परदेशी माणूस घ्यायला मालकाला मिळणाऱ्या सरकारी मंजुरीचं, बघितलं नाही का? माझ्या आतेभावाने तोच जुगाड केला होता.

ब्रॅम्प्टनचं_तळघर

बघितलं ना. ऑफर लेटरचे ५० गुण मिळायचे, त्यामुळे ते लेटर विकण्याचा धंदाच झाला होता. बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्या खोलीतल्या एकाने गावाकडची जमीन विकून एका मालकाला पैसे दिले. २५ मार्च २०२५ ला सरकारने नोकरीच्या ऑफरचे गुणच काढून टाकले. मालक म्हणतो, लेटर दिलं ना तुला? ज्या गोष्टीची पावती नाही, तिची तक्रार कुठे करणार? आता तो रात्रपाळीत ट्रकमध्ये माल भरतो आणि कुणाशी बोलत नाही.

शनिवारची_लॉटरी

अवांतर: मी एक्सप्रेस एन्ट्रीच्या त्या १३ फेब्रुवारी २०२१ च्या ड्रॉमधली, म्हणजे बोलावण्यांच्या फेरीतली बाई. कोविडमुळे सीमा बंद, म्हणून आत आहेत त्यांनाच घ्या असं ठरलं आणि कट-ऑफ आला ७५. टायपिंगची चूक नाही, पंच्याहत्तरच. एका दिवसात २७,३३२ जणांना बोलावलं. शनिवार होता, मी इडलीचं पीठ वाटत होते. नवरा ओरडला तेव्हा मला वाटलं घरात उंदीर निघाला.

माझ्याहून हुशार मैत्रीण, तिचं कामाचं वर्ष भरायला एक महिना बाकी होता. ती राहिली. मे महिन्यात पदवीधरांसाठी वेगळी ४० हजारांची योजना आली, ती जेमतेम एका दिवसात भरली. तिने रात्रभर जागून अर्ज टाकला म्हणून मिळालं. मेहनतीचं मोल मी नाकारत नाही, पण माझ्या पीआरमध्ये निम्मा वाटा कॅलेंडरचा आहे.

हिशेबनीस

भावनेचं बाजूला ठेवून सरांच्या मुलाचं गणित मांडतो. एकटा आहे असं धरलंय.

तो २०२८ ला शिकून बाहेर पडेल, एक वर्ष योग्य पायरीचं काम करेल. वय २९ च्या आत, ११०. बीई आणि वर डिप्लोमा, १२८. इंग्रजी सीएलबी ९, म्हणजे आयएलटीएसला ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हीत ७, याचे १२४. कॅनडातलं एक वर्ष, ४०. झाले ४०२. शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे ५०, चाकणच्या दोन वर्षांचा अनुभव धरून ३८, कॅनडातल्या डिप्लोम्याचे १५. एकूण ५०५.

दोन वर्षं काम केलं तर ५३०. इंग्रजी आणखी एक पायरी वर नेलं तर ५४२. म्हणजे सगळं मनासारखं झालं तर २०२५ च्या कट-ऑफच्या रेषेवर, साधारण २०३० मध्ये. तेव्हा रेषा कुठे असेल हे ओटावात बसलेल्यांनाही सांगता यायचं नाही.

एक बारीक गोष्ट: कॉलेजच्या प्रवेशाला आयएलटीएस ॲकॅडेमिक चालते, पीआरला जनरल लागते. परीक्षा परत द्यायची, फी परत भरायची.

खात्रीशीर_व्हिसा

नमस्कार सर, आम्ही १००% पीआर गॅरंटी देतो, आधी पीआर मग पैसे, आजच

*[संपादक: जाहिरात असल्याने प्रतिसाद कापला आहे. सभासदत्व रद्द.]*

टिंबटिंब

अहो, कापायच्या आधी नंबर तरी घ्यायचा. मला नरकातून स्वर्गात पीआर हवी होती.

वॉटरलूची_वाट

थांबा थांबा. इतके प्रतिसाद झाले आणि कोर्सचं नाव कुणी वाचलंच नाही का?

सर, ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंट म्हणालात ना? १ नोव्हेंबर २०२४ नंतर ज्यांनी स्टडी परमिटचा अर्ज केलाय, त्यांच्यासाठी कॉलेजच्या डिप्लोम्यांना विषयाची अट आहे. सरकारने यादी काढली आहे: आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, सुतार-वेल्डरसारखे ट्रेड्स, शेती, वाहतूक, आणि नंतर शिक्षण. त्या यादीतला विषय असेल तरच शिकून झाल्यावर वर्क परमिट. बिझनेस मॅनेजमेंटचे असले डिप्लोमे त्यात नाहीत. म्हणजे पीआर फार लांब राहिली, तुमच्या मुलाला 'मग तीन वर्षं वर्क परमिट' हा दुसरा टप्पाच मिळणार नाही. शिकून झालं की सामान आवरून परत.

विद्यापीठाच्या पदवीला, म्हणजे बॅचलर्स, मास्टर्स, पीएचडीला ही अट नाही. एजंटला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. कॉलेज त्याला पहिल्या वर्षाच्या फीतून टक्केवारी देतं. मुलगा तिथे पोचला आणि वर्गात बसला की त्याचं काम झालं.

हिशेबनीस

कान पकडले. मी गुण मोजत बसलो आणि पायाच बघितला नाही. वरचं सगळं गणित या डिप्लोम्यासाठी रद्द समजा.

खडूस_काका

@वॉटरलू, नमस्कार घ्या.

सर, त्या माणसाला एक प्रश्न विचारा: तू आरसीआयसी, म्हणजे कॅनडाचा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार, आहेस का? पैसे घेऊन कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर वकील तरी हवा नाहीतर परवाना असलेला सल्लागार. हा परवाना देणाऱ्या सीआयसीसीच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की कळतं. २०२३ मध्ये पंजाबातल्या कितीतरी मुलांना शिकून झाल्यावर, नोकरीला लागल्यावर कळलं की ज्या प्रवेशपत्रावर आपण इथे आलो तेच बनावट होतं.

स्टुटगार्टचा_जावई

मेकॅनिकल म्हणताय आणि अजून कुणी जर्मनी म्हणालं नाही? आश्चर्य आहे.

इथे सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फीच नाही. आमचं राज्य (बाडेन-व्युर्टेम्बर्ग) अपवाद, २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावली आहे. बाकी जगण्यासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो दाखवायचे, ते दर महिन्याला थोडे थोडे आपल्यालाच परत मिळतात. भारतीयांना एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद खरे असल्याचं, प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, ते आधी करा.

शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने. नोकरी लागली आणि ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) मिळालं तर २७ महिन्यांत कायमचा परवाना, जर्मन भाषेची बी१ पातळी असेल तर २१ महिन्यांत. ड्रॉ नाही, कट-ऑफ नाही. अटी भरल्या की मिळतं. मला मिळालं त्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी कार्ड सरकवलं आणि पुढच्याला हाक मारली. मी घरून पेढे नेले होते, ते तसेच परत आणले.

पण भाषा! मास्टर्स इंग्रजीतून होतं, नोकरी मात्र जर्मनमध्ये मिळते. माझ्या बॅचचे दोघे दीड वर्ष अर्ज करत राहिले आणि परत गेले. गाड्यांच्या कंपन्यांतही सध्या भरती आटली आहे, हे लपवत नाही.

मुळामुठा

भाषेवरून आठवलं. कॅनडालाच जायचं असेल तर फ्रेंच शिका. सरकारला क्युबेकच्या बाहेर फ्रेंच बोलणारे हवेत, म्हणून त्यांचे ड्रॉ वेगळे निघतात. २०२५ च्या मार्चमध्ये कट-ऑफ ३७९ होता, ऑक्टोबरअखेर ४१६. वर भाषेचे जादा ५० गुण. मी पुण्यात नोकरी करून आलियान्स फ्रान्सेजला जाते. वर्गात निम्मे आयटीवाले आणि सगळे 'मला फ्रेंच संस्कृतीची आवड आहे' असं तोंडभर सांगतात.

यात कॉलेजची फीही नाही आणि घरही तारण नाही. पण चारही कौशल्यांत सातवी पायरी गाठायला मला दोन वर्षं तरी लागतील असं दिसतंय. क्रियापदं शाळेतल्या संस्कृतपेक्षा वाईट आहेत.

ब्रॅम्प्टनचं_तळघर

@मुळामुठा, मी सप्टेंबरपासून सुरू केलंय. खोकी लावताना कानात लावून ऐकतो. पंजाबी फोरमन विचारत होता, कुणाशी भांडतोस एवढं?

गोंयकार

आमच्याकडे ही सगळी कटकट नव्हती. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्या आजोबांचा दाखला शोधायचा, लिस्बनला नोंद करायची, पोर्तुगीज पासपोर्ट. मग लंडन. माझ्या वाड्यावरची अर्धी घरं बंद आहेत, वर्षातून एकदा फेस्ताला उघडतात.

ब्रेक्झिट झालं आणि तो पासपोर्ट लंडनच्या कामाचा राहिला नाही. ज्यांनी भारतीय नागरिकत्व सोडलं होतं ते आता पोर्तुगालात, आणि तिथे पगार कमी. एकूण काय, कागद आपल्या हातात असला तरी दार दुसऱ्याच्या घराचं असतं.

टिंबटिंब

माझ्या पणजोबांचा पेशव्यांच्या दफ्तरात उल्लेख आहे. कुठला पासपोर्ट मिळेल?

खडूस_काका

अटकेपार जाण्याचा. पाकिस्तानचा व्हिसा तेवढा स्वतः काढा.

विश्रामबागकर

सर्वांचे आभार. तीन दिवस लिहिता आलं नाही, कारण मी आणि चिरंजीव कन्सल्टन्सीत जाऊन बसलो होतो.

वॉटरलूताईंनी (ताई की दादा ते माहीत नाही, क्षमस्व) सांगितलेली यादी मी मुलाला मोबाईलवर उघडायला लावली. तिथल्या मुलीने आधी सांगितलं, "सर, रूल्स चेंज होत असतात, पुढे तोही कोर्स येईल यादीत." मग मालक आला. तो म्हणाला, "मग आपण हेल्थचा घेऊ, वृद्धांच्या सेवेचा आहे छान." मेकॅनिकलच्या मुलाला! आरसीआयसी विचारलं तर म्हणे दिल्लीच्या ऑफिसात आहेत, नाव कळवतो. अजून कळवलेलं नाही.

आणखी एक गंमत. अर्जासोबत जोडायची एसओपी, म्हणजे कशासाठी शिकायला जातोय त्याचं निवेदन, त्यांनी तयारच ठेवलं होतं. मी मराठीचा मास्तर, सवयीने लाल पेन काढलं. त्यात लिहिलंय, 'शिक्षण पूर्ण झाल्यावर मी भारतात परत येऊन कुटुंबाचा व्यवसाय वाढवणार आहे.' आमचा व्यवसाय कुठला? मी शाळेत आणि ही घरी ब्लाउज शिवते. मालक हसला. "सर, तसं लिहावंच लागतं. पीआरचं नाव काढलं तर व्हिसा ऑफिसर रिजेक्ट करतो." म्हणजे आम्हाला सांगायचं पोरगा कायमचा जाणार, आणि सरकारला सांगायचं नक्की परत येणार. दोन्हीपैकी खोटं कुणाला सांगतोय ते मला कळेना.

वॉटरलूची_वाट

ताई. आणि लाल पेनाबद्दल साष्टांग.

खरं सांगायचं तर पीआरचा विचार मनात असणं गुन्हा नाही. कॅनडाच्या कायद्यात दोन्ही हेतू एकत्र असायला मुभा आहे. फक्त परवाना संपला तर निघून जाल एवढं अधिकाऱ्याला पटायला हवं. न केलेल्या व्यवसायाच्या कहाण्या मात्र घालू नका. खोटी माहिती सिद्ध झाली तर पाच वर्षं दार बंद.

खडूस_काका

अमेरिकेच्या एफ-१ ला, म्हणजे विद्यार्थी व्हिसाला तर परत येईन असं पटवावंच लागतं, आणि मग तेच लोक एच-१बीच्या सोडतीत उभे राहतात. भारतीयांची ईबी-२, म्हणजे उच्चशिक्षितांच्या ग्रीन कार्डची रांग २०२५ मध्येही २०१३ च्या अर्जांवर अडकली होती. इंग्लंडने शिकल्यानंतर राहायची दोन वर्षं २०२७ पासून दीड केली. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी २००० डॉलर केली. सगळ्यांचं एकच: फी द्या, राहायचं नंतर बघू.

विश्रामबागकर

आता सौ.चा प्रश्न. ती म्हणते, "पीआर मिळाली तर तो परत येणार नाही, आणि नाही मिळाली तर हरलेला परत येईल. मी देवाकडे मागू काय?" मला उत्तर देता आलं नाही.

तुळशीबाग

वहिनींना माझा नमस्कार सांगा. माझी दोन्ही मुलं बाहेर आहेत, एक टोरांटोजवळ. मी आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर जाऊन येते, एका खेपेला पाच वर्षं राहता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा सहा महिने ठरवले होते, अडीचच राहिले. मुलगा-सून कामावर, बाहेर बर्फ, बोलायला स्मार्ट टीव्ही. मराठी भाषिक मंडळाच्या गणपतीत मात्र एका बाईने आळूची वडी दिली आणि मी चक्क रडले.

मागायचं काय ते सांगते. मी मागते की जिथे असेल तिथे त्याने फोनवर खोटं बोलू नये. माझ्या धाकट्याने दीड वर्ष सांगितलं, ऑफिसात आहे. तो पेट्रोल पंपावर होता. पंपाचं मला काही वाटलं नाही हो. खोटं बोलावं लागलं त्याला, कारण आम्ही गाव गोळा करून निरोप दिला होता.

ब्रॅम्प्टनचं_तळघर

काकू, मी आज आईला ५०३ चं सांगितलं. ती म्हणाली, दहावीत तुला ५०० पण नव्हते.

टिंबटिंब

तळघर, तुझी आई या धाग्याची विजेती.

रेजायनाताई

मी आधी जरा फटकन लिहिलं होतं, सरांचा कोर्स न बघता. त्या कोर्सला जाऊ नका, हे मीही म्हणेन. पण मुलाने प्रयत्नच करू नये असं मात्र मी म्हणणार नाही. २४ आहे तो, ३४ नाही.

हिशेबनीस

मग मास्टर्स बघा. विषयाची अट नाही, दोन वर्षांहून कमी असलं तरी तीन वर्षांचं वर्क परमिट मिळू शकतं, कॅनडातल्या शिक्षणाचे १५ ऐवजी ३० गुण. १ जानेवारी २०२६ पासून सरकारी विद्यापीठांच्या मास्टर्सला स्टडी परमिटसाठीचं प्रांताचं पत्रही लागणार नाही. फी मात्र कॉलेजपेक्षा बरीच जास्त असते, आणि ७.८ वर चांगल्या ठिकाणी मिळेलच असं नाही. जर्मनीला त्याच कागदांवर समांतर अर्ज करता येतो. जुळलं नाही तर अर्जाची फी गेली, घर नाही गेलं.

विश्रामबागकर

बारा दिवसांनी लिहितोय.

डिप्लोमा रद्द केला. भरलेल्या २५ हजारांपैकी दहा परत मिळाले, बाकीचे 'प्रोसेसिंग'. सेमिनारच्या सामोशाची किंमत पंधरा हजार धरून चाललोय.

चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच हा सगळा धागा वाचला आणि तळघरवाल्यांशी निरोपातून बोलला. काय बोलले ते मला सांगत नाही. आता ठरलंय असं: चाकणची नोकरी सोडायची नाही, एक वर्ष दोन्हीकडे मास्टर्सचे अर्ज करायचे, आणि भोसरीतल्या खोलीवर रात्री जर्मन ए१ चा ऑनलाइन क्लास. परवा फोनवर मला म्हणाला, "गुटन आबेंड, बाबा." मी म्हटलं, जेवलास का?

एक व्यावहारिक प्रश्न उरतो. शिवाजी विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट लवकर मिळण्यासाठी काय करावं? तो रजा काढू शकत नाही, मीच कोल्हापूरला जाणार आहे.

कोकणकडा

सर, माझ्या बहिणीचं मीच केलं होतं. आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स साक्षांकित करून न्या, आणि मुलाचं सहीचं अधिकारपत्र न विसरता. सकाळी कार्यालय उघडतानाच पोचा. दोन-तीन जादा संच आत्ताच मागून घ्या, प्रत्येक विद्यापीठाला वेगळा लागतो. नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी पडताळा, आमच्या वेळी वडिलांच्या नावात एक एच कमी होता आणि परत हेलपाटा पडला.

विश्रामबागकर

धन्यवाद. पासपोर्ट काढून बघितला. त्याच्या नावात एच आहे, गुणपत्रिकेत नाही.

टिंबटिंब

चला, पहिला कट-ऑफ लागला.